सेवास्तिताचा चाळिसावा

लिओनिदा बर्झूने आपल्या बायकोला मारलं ते निव्वळ चांगुलपणापायी, हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या ब्राइला गावात लोक काय, काहीही बोलतात.

सुरुवात पाण्याच्या मीटरपासून झाली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं आकडे लिहून लिओनिदा निवृत्त झाला होता. खुर्ची सुटली तरी वही सुटेना. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो जिन्यातल्या सगळ्या घरांचे मीटर बघत चार मजले उतरायचा. खरं म्हणजे ज्याने त्याने आपापला आकडा कागदावर लिहून खाली चिकटवायचा, एवढंच काम. पण त्याला कोणी अडवत नसे, कारण अडवलं की तो नियम वाचून दाखवायचा.

रविवारी अकराच्या सुमाराला आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरातून ठकठक ऐकू येते. डुकराच्या मांसाचे तुकडे हातोडीने ठोकून पातळ करायचे, पावाच्या चुऱ्यात घोळवायचे आणि तळायचे. हातोडी वाजली की समजावं, या घरचं बरं चाललंय. सगळ्यांत दणकून वाजायची ती लिओनिदाच्या समोरच्या दारामागची, ओलिंपियाबाईंची. बाईंचं वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला. अर्धा जिना त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यात लिओनिदाही आला. डॅन्यूबचं मुख चुकीच्या समुद्रात दाखवल्याबद्दल तो एकदा तासभर कोपऱ्यात उभा राहिला होता.

त्या रविवारी बाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. "मीटर!" असं पुकारून लिओनिदा आत शिरला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थबकला. बाई स्टुलावर बसून पाट ठोकत होत्या. पाटावर काहीही नव्हतं. शेगडी थंड. फळीवर चहाचा डबा आणि फडक्यात गुंडाळलेला अर्धा पाव. बाईंना ऐकू कमी यायचं, त्यांचं लक्ष गेलं नाही. मध्येच हात थांबवून त्यांनी तो नसलेला तुकडा उलटा केला आणि दुसरी बाजू ठोकायला घेतली.

लिओनिदा चवड्यांवर मागे सरकला. घरी येऊन त्याने वहीत बाईंच्या नावापुढे अंदाजाने आकडा टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच.

दुपारी तो सूपचं भांडं घेऊन बाईंच्या दारात गेला.

"काय रे हे?"

"जास्त झालं होतं, बाई."

"मग कमी करायला शीक. माझं जेवण झालंय." बाईंनी त्याला चष्म्याच्या वरून न्याहाळलं. "तुला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

"मग परत जा."

बुधवारी त्याने चीजची पोळी नेली. बाई म्हणाल्या, पोट बिघडलंय. शुक्रवारी सफरचंदं नेली, तर बाई म्हणाल्या, दात नाहीत. शनिवारी बाई जिन्यात भेटल्या. एक पायरी चढायची, कठड्याला धरून थांबायचं, आणि थांबलोय ते कळू नये म्हणून खिडकीतून बाहेर बघायचं. चौथ्या मजल्यावर पोचायला त्यांना अर्धा तास लागला. हा हिवाळा काही बाई काढत नाहीत, हे लिओनिदाला त्या कठड्यापाशी समजलं आणि तो घाबरला.

मग त्याने अक्कल लढवली. एकट्या बाईंना दिलं तर ती भीक. सगळ्या जिन्याला दिलं तर ती पद्धत! आणि अन्न कुठे मिळतं ते त्याला ठाऊक होतं. आमच्याकडच्या लग्नात सार्माले, म्हणजे खिमा आणि तांदूळ भरून शिजवलेल्या कोबीच्या गुंडाळ्या, येतात पहाटे तीनला, जेव्हा वऱ्हाड्यांच्या पोटात घास जायलाही जागा उरलेली नसते. न आणाव्यात तर वधूपित्याची अब्रू जाते. आणल्या तर तशाच परत जातात. घाटाजवळच्या लग्नाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी त्या टोपच्या टोप कचऱ्यात ओतल्या जायच्या. हॉलची आचारीण दुमित्राना हे सांगताना स्वतःच डोळे पुसायची.

"घेऊन जा रे भावा," ती म्हणाली, "पण कागद आण. नाहीतर मालक मलाच सार्माल्यात गुंडाळेल."

कागदासाठी लिओनिदा अन्नतपासणीच्या कचेरीत गेला. आपणही कचेरीतलेच, दोन शब्दांत काम होईल, अशी त्याची समजूत. खिडकीमागच्या बाईने त्याला यादी दिली. नोंदलेली संस्था हवी, तिचा शिक्का हवा, थंड पेटी हवी, तापमान लिहायची वही हवी. वही म्हटल्यावर लिओनिदाची कळी खुलली. पण शेवटच्या ओळीवर गाडं अडलं. प्रत्येक खाणाऱ्याची सही हवी होती, 'मी निराधार असून मला स्वतःचं पोट भरता येत नाही' या वाक्याखाली.

तो कागद घेऊन तो मजलोमजली हिंडला. सल्ल्यांना तोटा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, 'निराधार'च्या जागी 'रसिक' लिहा. तिसऱ्यावरचे म्हणाले, शिळं खाऊन माणसं मेली तर तुरुंगात तुम्ही, आम्ही भेटायला येऊ. तळमजल्यावरची ग्लिकेरिया, जी जिन्याचा हिशेब आणि जिन्याची अब्रू दोन्ही सांभाळायची, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी काय भिकारीण वाटले तुम्हाला, लिओनिदाभाऊ? सही करायची? आणि उद्या तो कागद माझ्या सुनेने बघितला म्हणजे?"

हे ती बोलत होती तेव्हा तिच्या टेबलावर रात्रीच्या जेवणाचा एकच पाव आणि चहा मांडलेला होता. लिओनिदाने तिकडे न बघितल्यासारखं केलं. एकूण सह्या झाल्या शून्य.

तो कचेरीत परत गेला तेव्हा त्या बाईने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"काका, तुम्ही या गावचेच ना? मग एवढंही समजू नये? पोमाना म्हणून वाटा. मेलेल्यांच्या जेवणाला आम्ही कागद मागत नाही. मागून बघितला होता एकदा. साहेबांच्या आईने साहेबांना घरात घेतलं नाही."

लिओनिदाने कपाळावर हात मारून घेतला. पोमाना! मेलेल्याच्या नावाने जिवंताला जेवू घालायचं. जे इथे दिलं ते तिकडे त्याला पोचतं. घेणाऱ्याला कसली लाज? उपकार तोच करत असतो. त्याने नाही म्हटलं तर तिकडे एक जीव उपाशी राहतो. ओलिंपियाबाईंसारखी बाईसुद्धा पोमानेला नाही म्हणू शकत नव्हती.

त्या रविवारी त्याने दुमित्रानाकडून टोपभर सार्माले आणले, घरातल्या निळ्या पातेल्यात काढले, वर मेणबत्ती आणि टॉवेल ठेवला आणि बाईंचं दार वाजवलं.

"पोमाना, बाई."

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. हात पुढे आले. पातेल्याला लागणार एवढ्यात थांबले.

"कोणाची?"

"आईची."

"तुझी आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. पोमाना सात वर्षं देतात, पुढे नाही. कोणाची, लिओनिदा?"

चूक तिथे झाली. वडील आईच्याही आधी गेलेले. भाऊ नाही, बहीण नाही. मेव्हणा होता, पण तो ठणठणीत. सात वर्षांतला एकही मेलेला त्याच्यापाशी नव्हता, आणि समोर भूगोलाच्या बाई उत्तराची वाट बघत होत्या. अशा वेळी कोपऱ्यात उभं राहायच्या भीतीने पोरगा जे तोंडाला येईल ते बोलतो.

"सेवास्तिताची," तो म्हणाला.

सेवास्तिता त्याची बायको. अकरा वर्षांपूर्वी ती इटलीत एका म्हातारीची देखभाल करायला गेली होती आणि दर ऑगस्टमध्ये दोन आठवडे घरी यायची. त्या घटकेला ती बहुधा इस्त्री करत असावी.

बाईंनी छातीवर क्रूस काढला. डोळे भरून आले. "कधी रे?"

"परवा. तिकडेच. तिकडेच पुरलं."

"देव सेवास्तिताला क्षमा करो," बाई म्हणाल्या आणि पातेलं छातीशी धरून आत गेल्या. बाईंचं दार नीट लागत नसे. फटीतून लिओनिदाला चमच्याचा आवाज ऐकू आला, बराच वेळ. तो तिथेच पायरीवर बसला आणि रडला. बायको गेली म्हणून रडतोय, असं खालून येणाऱ्या ग्लिकेरियाला वाटलं, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या जिन्याला वाटलं.

त्यानंतर त्याच्या हातात काही राहिलं नाही. दुसऱ्या मजल्याने आरशावर चादर घालायला लावली. तिसऱ्या मजल्याने बजावलं की चाळीस दिवस, म्हणजे चाळिसाव्याचं जेवण घालेपर्यंत, दाढीला वस्तरा लावायचा नाही, त्यामुळे पंधरवड्यात लिओनिदा फरारी माणसासारखा दिसू लागला आणि बेकरीतली बाई त्याच्यावर नजर ठेवू लागली. पोमाना भांड्यासकट द्यायची असते, नाहीतर मेलेला तिकडे कशात खाणार? दर रविवारी आठ घरांत आठ भांडी जाऊ लागली. सेवास्तिताने जपलेली एनॅमलची पातेली, तळणी, सुपाचं मोठं भांडं, शेवटी दुधाची किटलीसुद्धा गेली.

ग्लिकेरियाची नजर मात्र घारीची. "लिओनिदाभाऊ, सार्माल्यात सोनेरी रिबीन आली."

"तिला सोनेरी आवडायचं."

"आणि 'शुभविवाह' लिहिलेला रुमाल?"

"लग्नाचे जपून ठेवले होते," लिओनिदा म्हणाला. ग्लिकेरियाने छातीवर क्रूस काढला आणि पुढच्या वेळी दोन वाट्या जास्त मागितल्या.

खाणारे खात होते हे मात्र खरं. निराधार म्हणून सही न देणारी आठ घरं सेवास्तितासाठी मनापासून जेवत होती. ओलिंपियाबाईंच्या गालांवर रंग आला. चार मजले त्या दोनदाच थांबून चढू लागल्या. दर रविवारी विचारायच्या, "तिला अजून काय आवडायचं रे?" लिओनिदा सांगायचा ते सगळं बाईंना लागणारं. दूध, लोणी, लोकरीचे पायमोजे.

मग देवळात घोटाळा झाला. आमच्याकडे प्रार्थनेसाठी दोन चिठ्ठ्या देतात, एक जिवंतांच्या नावांची, एक मेलेल्यांची. ग्लिकेरियाने सेवास्तिताला मेलेल्यांत घातलं. लिओनिदाने भीतीपोटी गुपचूप जिवंतांत घातलं. पाद्री वार्लामने एकाच सकाळी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि प्रार्थना संपल्यावर त्याची बाही पकडली.

"तुझी बायको दोन्हीकडे कशी? देवाने काय समजायचं?"

लिओनिदाने सगळं ओकून टाकलं. पाद्रीबुवांनी दोन्ही चिठ्ठ्या खिशात घातल्या.

"ओलिंपिया जेवते का?"

"जेवते."

"चाळिसाव्यापर्यंत मला कमी ऐकू येतं," पाद्रीबुवा म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचलं की ते माणूस तिकडे ओढलं जातं, असं बायका म्हणतात. मी म्हणत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी उगाच घातलं. लिओनिदाची झोप उडाली. व्हिडिओ फोनवर तो बायकोला ताप आहे का, छातीत दुखतं का, विचारू लागला. "तुला झालंय काय? आणि ती दाढी कसली?" ती म्हणायची. "थंडी," तो म्हणायचा. आणि मग छत्तिसाव्या दिवशी तिचा फोन लागेना. सदतिसाव्यालाही नाही. एकोणचाळिसाव्या दिवशी त्याने साठ वेळा लावला. घरात चुलीवर ठेवायला एक वाडगा उरला होता, त्यात पाणी तापवून तो ते विसरून जात होता. आपण थापेने सुरुवात केली आणि देवाने ती खरी करून दिली, अशी त्याची खात्री झाली. 'मला ने, तिला नको,' असंही तो एकदा मोठ्याने म्हणाला, पण हे त्याला कोणी ऐकलेलं चालणार नाही.

चाळिसाव्याला मंडळी घरात जमली. टेबलावर सेवास्तिताचा फोटो, पुढे मेणबत्ती. ग्लिकेरियाने गव्हाचा गोड कोलिवा करून आणला होता आणि त्यावर कोकोने सेवास्तिताच्या नावाची अक्षरं काढली होती. ओलिंपियाबाई मानाच्या खुर्चीत. सार्माले वाढून झाले, चमचे वाजू लागले, आणि कुलपात किल्ली फिरली.

दारात सेवास्तिता उभी होती. दोन हातांत दोन पिशव्या, चेहरा दोन दिवसांच्या प्रवासाने काळवंडलेला. तिने मेणबत्ती बघितली, काळे कपडे बघितले, नवऱ्याची दाढी बघितली आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"कोण गेलं?"

सगळ्यांनी आधी फोटोकडे बघितलं, मग दाराकडे. शेवटी ग्लिकेरियाच म्हणाली, "तू."

पुढचा गलका काय सांगावा. कोणी टेबलाखाली गेलं, कोणी सेवास्तिताला चिमटा काढून बघितला. दुसऱ्या मजल्याने स्वतःला सावरून आधी ताट संपवलं. लिओनिदा बायकोचे हात धरून नुसताच रडत होता आणि ती विचारत होती, "माझी पातेली कुठेत? अरे, माझी पातेली कुठेत?"

"तुलाच पोचवली," तो म्हणाला.

या गडबडीत ओलिंपियाबाई उठल्या. रुमालाने तोंड पुसलं. काठी घेतली.

"म्हणजे चाळीस दिवस मी भीक खाल्ली," बाई म्हणाल्या. "आणि मला वाटत होतं, मी कोणाच्या तरी उपयोगी पडतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी निळं पातेलं, दुधाची किटली आणि धुतलेले पायमोजे लिओनिदाच्या दाराशी ओळीने ठेवलेले होते. त्याने दार वाजवलं. "मी जेवलेय," आतून आवाज आला. पुढच्या दिवशी तोच आवाज, जरा बारीक. तिसऱ्या दिवशी आवाज यायला इतका वेळ लागला की लिओनिदा दाराला कान लावून गुडघ्यांवर बसला. वर ख्रिसमसआधीचा उपास सुरू झाला होता. उपासात लग्नं नाहीत आणि लग्नं नाहीत म्हणजे दुमित्रानाचे टोपही नाहीत.

सेवास्तिता त्या तीन दिवसांत फारशी बोलली नव्हती. पहिल्या दिवशी ओरडली, मग त्याने बाईंच्या रिकाम्या पाटाचं सांगितलं तेव्हा थांबली, आणि मग नुसती खिडकीपाशी बसून राहिली. आपल्यावरचा राग असेल, असं लिओनिदा धरून चालला होता. तिसऱ्या दुपारी ती उठली, निळ्या पातेल्यात पांढऱ्या घेवड्याचं सूप केलं, टॉवेल आणि मेणबत्ती घेतली आणि समोरचं दार ठोठावलं. लिओनिदा मागे जिन्यात उभा राहिला.

"बाई, मी सेवास्तिता. पोमाना आणलीये."

आत काठीचा आवाज झाला. दार हातभर उघडलं. बाई भिंतीला धरून उभ्या होत्या.

"आता कोणाला मारलंत?"

"मी नाही मारलं," सेवास्तिता म्हणाली. "माझी म्हातारी गेली. तिकडची. आठवडा झाला. फोन बंद करून मी तिच्या उशाशी बसले होते. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलांनी माझ्या हातात बसचं तिकीट ठेवलं. त्यांच्यात पोमाना नसते, बाई. तिच्या नावाने कोणी घासभर काही दिलेलं नाही. ती तिकडे..."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या, त्यांच्या त्या जुन्या नजरेने.

"नाव काय तिचं?"

"इर्मा."

"गाव?"

"आल्झानो. बेर्गामोच्या वर."

"नदी कोणती तिथे?"

"सेरिओ," सेवास्तिता म्हणाली. "खिडकीतून दिसायची. पाणी वाढलं की मी तिची खुर्ची तिकडे वळवायचे. तिला आवडायचं. अकरा वर्षं, बाई. मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं. शेवटी शेवटी ती मला आई म्हणायची."

आणि ती दारातच रडायला लागली, मोठ्याने, घरात कोणी गेल्यावर बायका रडतात तशी. बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी पातेलं घेतलं.

"देव इर्माला क्षमा करो," त्या म्हणाल्या. "आत ये. पोमाना एकटीने खाऊ नये."

लिओनिदा जिन्यातच उभा होता. अकरा वर्षं दर दोन दिवसांनी फोन केला होता त्याने. पाऊस आहे का, पैसे पोचले, म्हातारी कशी आहे. तिचं नाव काय, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःच्या घरात एक माणूस गेलं होतं आणि तो दाढी वाढवून भलत्याचंच सुतक पाळत होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"लिओनिदा," बाई आतून म्हणाल्या, "आत ये, नाहीतर दार लाव. गारठा येतोय."

तो आत जाऊन बसला. बाईंनी तीन ताटल्या काढल्या. पहिल्या घासाआधी म्हणायचं ते त्यानेही म्हटलं, इर्माचं नाव घेऊन. सेवास्तिताने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. सूप अगदी अळणी होतं. लिओनिदाचा हात सवयीने मिठाकडे गेला.

"तिला मीठ बंद होतं," सेवास्तिता म्हणाली. "माझ्या हातून आता तसंच होतं."

बाईंनी मिठाची वाटी उचलून फळीवर ठेवली आणि ताटली पुढे केली.

"मला अजून थोडं वाढ," त्या म्हणाल्या.